दोन खजूर म्हणजे नेमके किती?

माझ्या मावशीला मधुमेह आहे. गोडाची तिला भारी आवड, म्हणून तिच्या डॉक्टरांनी तोडगा सांगितला होता: जेवणानंतर फारच गोड खावंसं वाटलं तर दोन खजूर खा, मिठाईला हात लावू नका. मावशीने तो नियम वर्षभर काटेकोर पाळला. नागपुरातल्या इतवारीच्या किराण्याच्या दुकानातून ती लहान, जरा कोरडे, तपकिरी खजूर आणायची आणि मोजून दोन खायची. मग रमजानात तिचा मुलगा मोमिनपुऱ्यातून मेडजूलचा डबा घेऊन आला. खजूर मोठे, गुबगुबीत आणि तोंडात टाकताच विरघळणारे. पुढच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या नजरा मावशीकडे वळल्या. ती चिडली. "दोनच तं खाऊन राहिली मी! मोजून दोन! डॉक्टरनंच सांगतलं न बाप्पा."

ती खरंच दोनच खात होती. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे भांडण्यापेक्षा तोलून पाहणं मला सोपं वाटतं. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा काढला. बी काढलेला एक मेडजूल 24 ग्रॅम भरला. तिचा जुना, इतवारीचा खजूर 7 ग्रॅम. मेडजूलमध्ये वजनाच्या सुमारे 66 टक्के साखर असते, म्हणजे एका फळात जवळजवळ 16 ग्रॅम. चहाच्या सपाट चमच्यात 4 ग्रॅम साखर मावते असं धरलं तर एक मेडजूल म्हणजे चार चमचे आणि दोन म्हणजे आठ. जुन्या दोन खजुरांची साखर मिळून जेमतेम 9 ग्रॅम, सव्वादोन चमचे. सल्ला तोच, मोजणीही तीच, पण पोटात जाणारी साखर साडेतीन पट.

खजुराच्या जाती म्हटलं की आपल्याकडे बोलणं लगेच "कोणत्यात ताकद जास्त" याकडे वळतं. अजवा, मेडजूल, किमिया ब्रँडच्या डब्यातला मजाफाती, सुक्करी, डेग्लेट नूर, कच्छची खारीक, प्रत्येकाबद्दल दुकानदार काही ना काही सांगतो. फरक आहेतच, आणि काही फरक चांगलेच मोठे आहेत. ते कुठे आहेत एवढंच नीट पाहायला हवं. माझ्या मते खाणाऱ्याच्या दृष्टीने खरे फरक तीनच: फळ केवढं आहे, त्यात पाणी किती आहे आणि साखर कोणत्या रूपात आहे. जीवनसत्त्वं आणि लोह यांच्या नावाने जे विकलं जातं ते बहुतेक या तिघांच्या मागे कुठेतरी येतं.

आधी जात म्हणजे काय ते पाहू. गावरान आंब्याची कोय लावली तर येणाऱ्या झाडाचं फळ आईसारखं निघेलच असं नाही. कलम केलं तर मात्र हुबेहूब तेच झाड मिळतं. खजुराचं तसंच. बी लावली तर निम्मी झाडं नर निघतात, त्यांना फळच येत नाही, आणि मादी झाडांची फळं एकमेकांसारखी नसतात. म्हणून अरबस्तानात आणि उत्तर आफ्रिकेत शेतकरी झाडाच्या बुंध्याशी फुटणारे फुटवे काढून लावतात. मेडजूल म्हणजे अशी एकाच झाडाची पिढ्यानपिढ्या चालत आलेली नक्कल. ती मूळची मोरोक्कोची. तिथे बायूड नावाच्या बुरशीच्या रोगाने खजुराच्या बागा मरू लागल्या होत्या. 1927 मध्ये वॉल्टर स्विंगल या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने मोरोक्कोच्या बू देनिब या ओअॅसिसमधून 11 निरोगी फुटवे अमेरिकेत नेले. त्यातले 9 जगले. अमेरिकेतल्या मेडजूलच्या बागा त्या नऊ फुटव्यांपासून वाढल्या. हे वाचलं तेव्हा मी तो डबा हातात घेऊन बराच वेळ नुसती बघत बसले होते.

कच्छचं मात्र उलट आहे. मुंद्रा, अंजार, भुज या भागातली बहुतेक जुनी झाडं बियांपासून उगवलेली आहेत. म्हणजे एकाच शेतातल्या दोन झाडांची खारीक (तिकडे ताज्या फळालाही खारीकच म्हणतात) रंगाने, गोडीने, तुरटपणाने वेगळी असू शकते. कच्छी खारकेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या एका नावाखाली एकच फळ आहे असं समजू नये. "कच्छी खारकेत अमुक इतकी साखर" असं वाक्य वाचलं की मी विचारते, कोणत्या झाडाच्या?

आता फळाच्या आत काय चालतं ते पाहू, कारण जातींमधले फरक तिथेच तयार होतात. फळ कोवळं आणि हिरवं असतं तेव्हा त्यात सुमारे 80 टक्के पाणी असतं, चव तुरट. मग ते पूर्ण वाढतं आणि पिवळं किंवा लाल होतं. अरबीत या अवस्थेला खलाल म्हणतात, कच्छमध्ये डोका. त्यानंतर टोकाकडून मऊ आणि तपकिरी होऊ लागतं, ते रुतब. शेवटी झाडावरच वाळून पाणी पाव हिश्श्याच्याही खाली गेलं की तमर, म्हणजे आपण ज्याला खजूर म्हणतो तो.

तुरटपणाची गोष्ट विदर्भातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. अर्धवट पिकलेलं टेंभरू ज्याने लहानपणी चावलं असेल त्याला जीभ कशी खरखरीत होते ते आठवत असेल. टेंभरात आणि कच्च्या खजुरात टॅनिन नावाची द्रव्यं असतात. ती लाळेतल्या प्रथिनांना धरतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. फळ पिकताना हे टॅनिन नाहीसं होत नाही. त्याचे रेणू एकमेकांना आणि फळातल्या इतर द्रव्यांना चिकटून मोठे होतात, पाण्यात विरघळेनासे होतात आणि म्हणून जिभेला जाणवत नाहीत. पिकलेला खजूर गोड लागतो त्यात साखरेचा वाटा जेवढा, तेवढाच टॅनिन गप्प बसल्याचाही. बारही नावाची मूळची इराकची जात यात वेगळी आहे. पिवळ्या अवस्थेतच तिच्यात विरघळणारं टॅनिन फार कमी असतं, त्यामुळे ती सफरचंदासारखी कुरकुरीत खाता येते. पावसाळ्याच्या तोंडाला फळांच्या गाड्यांवर पिवळे घोस लटकलेले दिसतात ते अशा ताज्या खजुराचे. एकदा घेऊन पाहा, वाळलेल्या खजुराशी त्याचं नातं आहे यावर विश्वास बसत नाही.

साखरेचा भाग सगळ्यात रंजक आहे. पिवळ्या अवस्थेत फळात साठलेली साखर मुख्यतः सुक्रोज असते, म्हणजे रासायनिकदृष्ट्या आपल्या डब्यातली साखरच. सुक्रोजचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची बांधलेली जोडी. फळात इन्व्हर्टेज नावाचं एक एन्झाइम असतं, मराठीत विकर. त्याचं काम एकच, ही जोडी सोडवणं. फळ मऊ होत जाताना इन्व्हर्टेज जोरात कामाला लागतं. मऊ जातींमध्ये ते जवळजवळ सगळं सुक्रोज फोडून टाकतं. अर्धकोरड्या जातींमध्ये काम अर्धवट राहतं.

आकडे पाहिले की हे स्वच्छ दिसतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात 100 ग्रॅम मेडजूलमध्ये ग्लुकोज सुमारे 34 ग्रॅम, फ्रुक्टोज 32 ग्रॅम आणि सुक्रोज फक्त अर्धा ग्रॅम. डेग्लेट नूर ही अल्जीरिया-ट्युनिशियाकडची अर्धकोरडी जात. तिच्या 100 ग्रॅममध्ये सुक्रोज सुमारे 24 ग्रॅम, ग्लुकोज 20 आणि फ्रुक्टोजही जवळपास 20. एकूण साखर दोन्हीकडे जवळजवळ सारखीच, 66 आणि 63, पण जोड्या सुटल्या की नाही यात आकाश-पाताळाचा फरक. अजवा आणि मजाफाती मेडजूलच्या बाजूचे, सुक्करी डेग्लेट नूरच्या बाजूचा, त्यात सुक्रोज बरंच टिकून राहतं.

आणि आपली खारीक? "खारीक आणि खजूर एकाच झाडाचे का?" हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. हो, एकाच झाडाचे. खारीक करण्यासाठी फळ पिवळ्या अवस्थेत उतरवतात, पाण्यात उकळतात आणि उन्हात खडखडीत वाळवतात. उकळण्याने काय होतं? इन्व्हर्टेज हे प्रथिन आहे. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग जसा आळतो तसं तेही निकामी होतं. जोड्या सोडवणाराच उरला नाही, मग सुक्रोज तसंच राहतं. फळ मऊ करणारी विकरंही त्याच पाण्यात संपतात, म्हणून खारीक टणक. ज्यांनी ही कृती शोधली त्यांना विकर हा शब्द माहीत नव्हता, पण पिकणं नेमकं कुठे थांबवायचं ते पक्कं माहीत होतं. ओटीत घालायची, पूड करून डिंकाच्या लाडवात मिसळायची, बाळंतिणीला दुधात भिजवून द्यायची ती खारीक म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबवलेला खजूर. मुंद्र्याकडे असं करण्याला कारणही आहे. खजूर झाडावर पूर्ण वाळायला कोरडी, कडक उष्णता लागते आणि तिथे ऐन पिकण्याच्या वेळी पावसाचे ढग येतात. आपल्या नागपुरात मे महिन्यातलं 45 अंशांचं ऊन खजुराला मानवेल असं वाटतं, पण जूनच्या मध्यापासून पाऊस सुरू झाला की फळ झाडावरच सडेल. त्याची रानटी बहीण शिंदी मात्र आपल्याकडे सुखाने वाढते. फळ बारीक, गर नावापुरता.

साखर फुटलेली असो की जोडीत असो, शरीराला त्याने फार फरक पडतो का? गोडीत थोडा पडतो, कारण फ्रुक्टोज सुक्रोजपेक्षा गोड लागतं. पण लहान आतड्यात गेल्यावर आपली स्वतःची विकरं उरलेल्या जोड्या सोडवतातच. त्यामुळे "या खजुरात साधी साखर नसते, म्हणून मधुमेहाला चालतो" हे म्हणणं मला पटत नाही. मेडजूलमध्ये सुक्रोज नाही हे खरं, पण त्याचं कारण एवढंच की ते आधीच फुटून बसलंय.

मग डॉक्टर खजूर खाऊ का देतात? त्यालाही आधार आहे. संयुक्त अरब अमिरातीत पाच जातींवर केलेला एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खजुरांचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे रक्तातली साखर किती वेगाने चढते याचं मोजमाप, निरोगी माणसांत 46 ते 55 आणि मधुमेह असलेल्यांत 43 ते 53 आला. शुद्ध ग्लुकोज 100 धरलं की हा आकडा कमी गटात बसतो. निम्मी साखर फ्रुक्टोज असते आणि ती आधी यकृतात जाते, रक्तात ग्लुकोज म्हणून लगेच दिसत नाही. शिवाय तंतू आहेत. पण हा निर्देशांक वेग सांगतो, एकूण भार सांगत नाही. उताराच्या रस्त्यावर गाडी हळू चालवली तरी ती किती लांब नेली याचा हिशेब वेगळाच राहतो. मावशीच्या बाबतीत नेमकं तेच झालं. म्हणून माझा आग्रह आहे की मधुमेहाच्या रुग्णाला सल्ला ग्रॅममध्ये मिळावा. दोन खजूर न म्हणता पंधरा ग्रॅम म्हणा, मग मेडजूल असेल तर अर्ध्याहून जरा जास्त आणि लहान असतील तर दोन, हे घरचे लोकच ठरवतील.

आता पाण्याकडे येते, कारण तक्ते वाचताना सगळ्यात मोठी फसगत इथे होते. एक खजूर घ्या, पाणी 20 टक्के, साखर 66. म्हणजे त्याच्या 100 ग्रॅममधल्या उरलेल्या 80 ग्रॅम घन भागात साखर सुमारे 82 टक्के झाली. आता तसाच घन भाग असलेला पण 35 टक्के पाण्याचा मऊ खजूर घ्या. त्याच्या 100 ग्रॅममध्ये घन भाग 65, साखर सुमारे 54. वाचणाऱ्याला वाटेल दुसरी जात "कमी साखरेची". प्रत्यक्षात फक्त पाणी जास्त आहे. मजाफाती डब्यात फ्रीजमध्ये ठेवावा लागतो तो या जास्तीच्या पाण्यामुळेच. उलट खडखडीत खारीक वजनाला सगळ्यांत जास्त उष्मांक देते, तिच्यात पाणी फारच कमी असतं म्हणून. दोन जातींची तुलना करायची तर दोन्हींतलं पाणी वजा करून करा. तसं केलं की बहुतेक जाती एकमेकींच्या आश्चर्यकारक जवळ येतात.

लोहाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे नुकसान होऊ शकतं. रक्त कमी आहे म्हटलं की घरोघरी खजूर सुरू होतो, त्यातही काळा, कारण काळ्यात लोह जास्त असा समज. अमेरिकी तक्त्यात मेडजूलमध्ये 100 ग्रॅमला 0.9 मिलिग्रॅम लोह आहे, डेग्लेट नूरमध्ये 1 मिलिग्रॅम. आपल्याकडच्या जुन्या तक्त्यांत वाळलेल्या खजुराला 7.3 मिलिग्रॅम असा आकडा होता आणि तोच अजून सगळीकडे फिरतो. उघड्यावर वाळलेल्या चिकट फळावर बसलेली माती, मोजण्याच्या जुन्या पद्धती, जातींचा फरक, कशानेही आकडा असा वाढू शकतो. आधुनिक मोजमापं त्याला दुजोरा देत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं. चार मेडजूल, म्हणजे जवळजवळ 100 ग्रॅम खाल्ले तर त्यातलं 3 टक्के मिळालं, आणि सोबत सोळा चमचे साखर. ज्वारीच्या पिठात 100 ग्रॅमला सुमारे 4 मिलिग्रॅम लोह असतं. भाकरी या बाबतीत खजुराच्या कितीतरी पुढे आहे, पण तिची जाहिरात कोणी करत नाही.

शिवाय वनस्पतींमधलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही. क जीवनसत्त्व सोबत असेल तर शोषण वाढतं, चहा सोबत असेल तर घटतं. वाळलेल्या खजुरात क जीवनसत्त्व जवळजवळ शून्य. पण आपण संत्र्यांच्या गावात राहतो! आंबिया बहार असो की मृग बहार, भाकरी-भाजीच्या जेवणानंतर एक संत्रं सोलून खाल्लं तर त्या जेवणातल्या लोहाचं अधिक सार्थक होतं. रक्ताचं प्रमाण खरंच कमी असेल तर मात्र तपासणी आणि गोळ्या, त्याला पर्याय नाही. खजुरावर महिने घालवणाऱ्या मुली मी माझ्याच वर्गात पाहिल्यात.

काळा रंग लोहाचा नव्हे. सफरचंद कापून ठेवलं की तपकिरी होतं तशीच क्रिया खजुरात पिकताना होते. फळातली फिनॉल वर्गातली द्रव्यं हवेशी आणि एका विकराशी गाठ पडून गडद होतात. नंतर साठवणीत साखर आणि अमिनो आम्लं एकत्र येऊन आणखी तपकिरी रंग तयार होतो, जसा भाजलेल्या पोळीवर येतो. अजवाचा काळा रंग त्याच्या जातीचा गुण आहे, पण सोनेरी खजूर गोदामात वर्षभर राहिला तरी तो काळवंडतो. पिवळ्या ताज्या फळातली कॅरोटीनसारखी रंगद्रव्यं वाळताना कमी होत जातात.

खजुराला नाव ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. तंतू भरपूर आहेत, मेडजूलमध्ये 100 ग्रॅमला 6.7 ग्रॅम, डेग्लेट नूरमध्ये 8. पोट साफ राहतं ते यामुळे. पोटॅशियम 650 ते 700 मिलिग्रॅम, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या केळ्याच्या जवळपास दुप्पट, आणि सोडियम नगण्य. मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी याच कारणासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. मॅग्नेशियमही बऱ्यापैकी. दिवसभराच्या उपवासानंतर, मग तो रोजा असो की महाशिवरात्र, थकलेल्या शरीराला झटकन साखर, पोटॅशियम आणि घोटभर पाणी मिळणं ही चांगलीच सोय आहे.

विकत घेताना पाकिटावरची घटकांची यादी वाचा. काही खजुरांवर चमक येण्यासाठी ग्लुकोज सिरप लावलेलं असतं आणि तसं त्यावर छापलेलं असतं. आधीच साठ-पासष्ट टक्के साखर असलेल्या फळावर आणखी पाक कशाला, हे मला कधी कळलं नाही.

राहिला साठवणीचा प्रश्न, आणि नागपुरात तो मोसमानुसार बदलतो. फ्रुक्टोजला पाण्याची फार ओढ. जुलैत हवा दमट झाली की मेडजूल उघडा राहिला तर हवेतलं पाणी ओढून चिकट होतो. उन्हाळ्यात कूलरसमोरच्या कपाटातही तेच, कारण कूलर खोलीत बाष्प भरतच असतो. मऊ खजूर घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये. खारीक मात्र बरणीत बाहेर ठेवली तरी महिनोन्महिने टिकते. इतकी साखर असूनही पिकलेला खजूर सहसा नासत नाही कारण त्यातलं पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं, बुरशीला ते मिळत नाही. मुरांबा टिकतो तसंच. पाणी वाढलं की ही पकड सैल होते.

मागच्या आठवड्यात मावशीचा फोन आला. फ्रीजमधल्या खजुरांवर पांढरे ठिपके आलेत, फेकू का म्हणाली. एक खजूर कोमट पाण्यात टाकायला सांगितला. बुरशी असती तर तिचे कापसासारखे तंतू दिसले असते, वास कुबट आला असता. तिचे ठिपके दोन मिनिटांत विरघळले. साखरेचे खडे, मुख्यतः ग्लुकोजचे, थंडीत सालीखाली जमलेले.

"मंग खाऊ न?" तिने विचारलं.

"खा की. तोलून."

फोनवरून काट्याचं बटण दाबल्याचा आवाज आला.